मालीशचे फायदे, योगराजदादांना कळावेत म्हणून

उधना, सुरत

आदरणीय योगराजदादा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा भूपेंद्र याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल. तिकडे दोंडाईच्यात वहिनींचे गुडघे, तुमची मिरचीची आडत आणि तुमचा राग, तिघांची तब्येत कशी आहे? (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. फेकायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.)

आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या वर्षाने मालीशच्या कोर्सला नाव घातल्याचं सांगितलं, तेव्हा 'आमच्या घरातली पोर परक्यांची अंगं चोळणार?' म्हणून तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. ती त्याच संध्याकाळच्या गाडीने परत आली आणि तेव्हापासून माहेरचं नावही काढत नाही. म्हणून मी ठरवलं, मालीशचे फायदे तुम्हाला एखाद्या अनुभवी माणसाने सांगावेत. अनुभवी म्हणजे ज्याच्यावर सहा महिने सराव झाला, तो.

बारा-बारा तास लूमपुढे उभं राहून माझी कंबर गेली होती. एक दिवस तुटलेला धागा जोडायला वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. तसाच घरी निघालो. मी काहीतरी शोधतोय असं वाटून रस्त्यात दोन भली माणसं माझ्याबरोबर वाकून शोधू लागली. एकाला किल्ली सापडलीसुद्धा (माझी नव्हती). वर्षाने पहिल्या दिवशी पाठीत असा अंगठा रोवला, की मला शाळेतल्या सगळ्या मास्तरांची चेहऱ्यासकट आठवण झाली. भिंतीवर तिने स्नायूंचा तक्ता लावला होता: कातडी नसलेला लालभडक माणूस. आईला मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही. "हाऊ कोनता देव शे वं, वर्षा?" असं तिने विचारलं, पण उत्तर येईपर्यंत कुंकू लावून झालं होतं. आता रोज लावते. त्याखाली ज्या स्नायूंची नावं गेली, ती वर्षाला पाठ करावी लागली. पण दादा, पंधरा दिवसांत मी सरळ झालो. (वर्षा म्हणते, निम्मं मालीशने आणि निम्मं तिने रोज करायला लावलेल्या व्यायामाने, उगाच फुगवून सांगू नका.) झोप तर अशी लागते, की आई दोनदा नाकापुढे हात धरून बघून गेली. मग शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. दिवसभर साड्यांवर खडे चिकटवून त्यांचा खांदा आखडला होता. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या हाताने वेणी घातली आणि ती दाखवायला गल्लीभर फिरल्या.

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या कारखान्याचे मास्टर बन्सीलाल एका रविवारी लंगडत आले आणि खाटेवर आडवे होऊन पँट गुडघ्यापर्यंत वर केली. एकच पोटरी सुजलेली, लाल. वर्षाने हाताची मागची बाजू टेकवून पाहिली आणि तेलाची बाटली बंद केली.

"मी चोळणार नाही. आत्ता दवाखान्यात जा."

"भाभी, सगळी गल्ली चोळली, माझ्याच पायाला काय काटे आहेत?"

मीही तिला खुणावलं, कारण मास्टर रागावले की माझी पाळी बदलते. ती माझ्याकडे बघेनाच. म्हणाली, "पाय गरम लागतोय. रिक्षा बोलवा, नाहीतर मी त्यांना उचलून नेते." मास्टरांचं वजन पंच्याण्णव किलो आहे. पण तिचा चेहरा पाहून मी रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासलं, तर शिरेत रक्ताची गाठ. म्हणाले, जोराने चोळलं असतं तर गाठ सुटून फुप्फुसात गेली असती आणि मग काही खरं नव्हतं. मी दवाखान्याच्या बाकावर खाली मान घालून बसलो. मी तिला कशासाठी खुणावलं होतं, ते मलाच माहीत. मास्टर आता बरे आहेत आणि 'वर्षाताईने हात लावला नाही म्हणून मी वाचलो' असं कारखानाभर सांगतात. म्हणजे मालीशचा सगळ्यात मोठा फायदा मालीश न केल्यामुळे झाला. पण कधी हात लावायचा नाही, हेही ती त्या कोर्समध्येच शिकली ना, दादा?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
भूपेंद्र

ता. क. : येत्या रविवारी तिची परीक्षा आहे. ज्याच्यावर आधी सराव झालेला नाही असाच माणूस न्यावा लागतो, आणि आमची अख्खी गल्ली संपली आहे. शनिवारच्या गाडीने या. मी उधना स्टेशनवर उभा राहीन. हे पत्र वर्षाला माहीत नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवता चिकटवता तिचा परीक्षेचा फॉर्म सापडला. माणसाच्या नावापुढे तिने आधीच 'योगराज, मोठा भाऊ' लिहून ठेवलंय, आणि तक्रारीच्या रकान्यात 'मान'. मी विचारलं, "दादांची मान कधीपासून दुखते?" म्हणाली, "दुखत नाही. वळत नाही."