श्वास घेतलेली वाइन

२ मार्च
गावाबाहेरच्या वायनरीच्या मॅनेजरचा फोन. त्यांची जुनी रेड वाइन चालू ठेवायची की बंद करून नवी काढायची, हे ठरवायला जुन्या गिऱ्हाइकांना चाखायला बोलावलं आहे. लेबलं झाकून. दोन ग्लास, एक मत. तुम्हाला नाही तर कोणाला विचारायचं, म्हणाला. बरोबर आहे. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे तीच रेड असायची. ही वारल्यापासून बाटली उघडलेली नाही. विशेष कारण नाही. निमित्त झालं नाही.
जुनी रेड वाचवायची. हिच्यासाठी एवढं तरी करता येईल.

५ मार्च
तयारी सुरू. सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये झाली. पाण्याला चव नाही, हे जन्मभर सहीनिशी लिहून दिलं. त्यामुळे जीभ तरबेज आहे. तरी तिखट बंद. चहा बिनसाखरेचा. (सकाळचा धरलेला नाही. सकाळी जीभ झोपेत असते.)
मेहुणी डबा घेऊन आली. भाऊजी, आधी जेवा, मग काय चाखायचं ते चाखा, म्हणाली. भाजी तिखट होती. तिला वाईट वाटेल म्हणून खाल्ली. दोनदा.
जेवताना तिला आमच्या रेडचं मर्म सांगितलं. बाटली उघडून तडक प्यायची नाही. ही ती आत न्यायची, काचेच्या जगमध्ये ओतायची, जरा श्वास घेऊ द्यायची आणि मगच बाहेर आणायची. हवा लागली की वाइन मऊ होते, गोडसर होते. मेहुणी एरवी बोलकी आहे. आज मध्येच उठून डब्याचं झाकण शोधायला लागली. झाकण डब्यावरच होतं.

९ मार्च, दुपार
चाखणी झाली. टाक्यांच्या मागच्या खोलीत लांब टेबल, पांढरे कागद, थुंकायला बादली. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई. काका, गिळायची नाही हो, थुंकायची, म्हणाल्या. मी गिळली. अर्धवट तपासणी मला जमत नाही.
मी जग मागवला. हवेने गोड होते, असं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, आमची? मी म्हटलं, अनुभव आहे. त्याने निमूटपणे दोन जग आणले.
एक नंबर : आंबट, तुरट, जिभेवर खरवडल्यासारखी.
दोन नंबर : तीच. आमचीच. शनिवारची. डोळ्यांत पाणी आलं. ठसका लागला होता.
मतं समसमान झाली, माझं शेवटचं. मी चारचौघांत बोलत नाही, पण आज उभा राहिलो. म्हटलं, एक नंबर ज्याने बनवली त्यानेच ती प्यावी. दोन नंबर मी झोपेतही ओळखेन. टाळ्या पडल्या.
मग लेबलांवरचे कागद काढले. दोन नंबर नवी होती.
जुनी बंद. माझ्या मताने.

९ मार्च, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. ग्लास बदलले असणार. दुसरं काही संभवत नाही. निघताना मॅनेजरने जुनीची एक बाटली माझ्या पिशवीत ठेवली. काका, काकूंची आठवण म्हणून, असं म्हणाला. मन खात असलं की माणूस असा गोड बोलतो.

१० मार्च
पुराव्यासाठी ती बाटली घरी उघडली. जगमध्ये ओतली. श्वास घेऊ दिला. आंबट. पेपर वाचून काढला, छोट्या जाहिरातींसकट. आंबटच. म्हणजे बाटलीतही फसवणूक. तक्रार करायची. साक्षीदार म्हणून मेहुणीला बोलावलं.
तिने घोट घेतला. भाऊजी, ही अशीच असते, म्हणाली. पहिल्यापासून.
मी म्हटलं, तुला कळत नाही.
मग ती बसली आणि बोलली. तुम्ही पहिली पेटी आणलीत, गावभर कौतुक सांगितलंत, आणि पहिल्या घोटाला तुमचं तोंड असं झालं की ताईला बघवेना. कबूल तर तुम्ही करणार नव्हतात. म्हणून ती आत नेऊन द्राक्षाचा रस घालायची. हे सांगताना मेहुणी हसत होती. मग हसायची थांबली आणि पदराने जग पुसत बसली.
मुलीला फोन केला. ती म्हणाली, अहो बाबा, रस मीच तर आणून द्यायचे. आई म्हणायची, फ्रिजमध्ये मागे ठेव.

११ मार्च
म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.
मी पाहुण्यांना हवेवर व्याख्यान द्यायचो तेव्हा ही जग हातात धरून दारात उभी असायची. चेहरा अगदी साधा. एकदा तर पाहुण्यांसमोर मलाच विचारलं, किती वेळ हवा लागायला हवी हो? मी सविस्तर सांगितलं.
इतकी वर्षं. आणि शेवटी दवाखान्यात सगळं बोलणं झालं. विम्याचं, दूधवाल्याचं, कपाटाच्या किल्लीचं. हे नाही.
भांडायचं तर कोणाशी? माणूस जागेवर नाही.
यापुढे वाइन बंद. कायमची.

१३ मार्च
द्राक्षाचा रस आणला. केवळ तपासणी म्हणून. उरलेल्या वाइनमध्ये थोडा घातला. फार गोड. वाइन वाढवली. कमी गोड. पण ती नव्हे. मेहुणीला फोन करून प्रमाण विचारलं. अंदाजाने घालायची हो, म्हणाली. मी लॅबचा माणूस. अंदाज मला कधी जमला नाही.

१५ मार्च, शनिवार
पुन्हा प्रयत्न. एकदा अगदी जवळ आली होती. पुढच्या ग्लासात पुन्हा बिघडली. रस उरला, वाइन संपत आली. जुनी आता कुठे मिळणारही नाही.
शेवटचा घोट तसाच घेतला, काही न घालता. आंबट आहे. चांगलीच आंबट आहे. तोंड वाकडं केलं, मनसोक्त. बघायला कोणी नव्हतं.