जनरेटरबद्दलच लिहितोय

रविवार, १२ मे
सकाळी, व्हरांड्यातून

चि. भुणभुण हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं आहोत. तू वेळेवर जेवतेस की नाही ते खरं खरं कळव.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. घर एवढंसं, आणि तिखट कान काही माझे एकट्याचेच नाहीत. मी फोनवर कुजबुजलो तरी तुझी आई आतून दुरुस्त्या सुचवते. शिवाय तिच्या तब्येतीबद्दल तुला एक अक्षर कळवणार नाही, असा तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय. तेव्हा या पत्रात तब्येतीचं काही नाही. फक्त नव्या जनरेटरबद्दल आहे.

तर, आपण जनरेटर बसवला. वीज पूर्वीही जायचीच. आपण खुर्च्या बाहेर टाकून गप्पा मारत बसायचो. आता तेवढ्यावर भागत नाही, इतकंच.

कंपाउंडच्या पार टोकाला ओटा बांधून घेतला. वायरमन म्हणाला, "काका, इतक्या लांब कशाला? अलीकडे बसवला तरी धूर आत येत नाही."

"वाससुद्धा यायला नको."

"डिझेलच्या वासानं कुणी मरत नाही हो."

मी टोकाकडेच बोट दाखवलं. त्यानं झोपायच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं टोकापर्यंत केबल ओढली. माणूस बरा आहे.

जनरेटर बेताचा, सगळं घर ओढणार नाही. कुठले पॉइंट त्यावर घ्यायचे, असं त्यानं विचारलं. पहिला आमच्या पलंगाजवळचा. तिथे एक मशीन आहे, हवा ओढून घेतं, त्यातून एक पातळ नळी निघते आणि... असो, शब्द दिलाय. दुसरा मी फ्रिज सांगितला. तर आतून आवाज, "फ्रिज राहू दे. तिच्या खोलीतला दिवा घ्या."

"अगं, त्या खोलीत आहे कोण?"

"आली आणि नेमकी वीज गेली तर? अंधारात ठेचकाळेल."

वायरमन माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस, मालकीणबाई त्या आहेत." तर तुझा दिवा जनरेटरवर आहे आणि फ्रिज देवाच्या भरवशावर.

आईनं जनरेटरचं नाव ठेवलंय जावईबापू. बाहेर ओट्यावर बसतात, पितात भरपूर, आणि काम सांगितलं की आधी गुरगुरतात. खऱ्या जावयानं मनाला लावून घेऊ नये, तो कधी आणलास तर.

माझा जन्म पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला. कान लावला की बेअरिंग कुठे घासतंय ते कळायचं. त्या कानांवरच दुकान झालं, घर झालं. आता त्यांना दुसरं काम लागलंय. वीज जाते, ते मशीन थांबतं, आणि जावईबापू गुरगुरेपर्यंत मधे जी शांतता असते, तिच्यात मी ऐकत उभा असतो. काय, ते लिहीत नाही.

परवा तू मला म्हणालीस, "बाबा, आईला माझ्याशी बोलायचंच नसतं. दोन वाक्यं झाली की दूध उतू जातंय म्हणते आणि फोन ठेवते." मी हो-हो केलं, कारण ती समोरच बसली होती.

बाळा, आपल्याकडे एवढं दूध येतं तरी का? गॅसवर काही नसतं. तुझा फोन आला की ती आधी मशीन बंद करते आणि मग उचलते. तुला घरघर ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्याशिवाय जेवढं बोलवतं तेवढं बोलते. मग दूध उतू जातं.

गेल्या रविवारी तर तिनं ते आधीच बंद करून ठेवलं होतं. तू फोन केलाच नाहीस. मी बागेतून आत आलो तर घर चिडीचूप. ही फोन मांडीवर घेऊन बसलेली, आणि ओठ तिचे... नको, ही तब्येत झाली. मी ओरडतच बटण दाबलं.

"ओरडू नका," म्हणाली. "कामात असेल. करेल." मग जरा दम खाऊन म्हणाली, "अहो, एवढे कानाचे पक्के ना तुम्ही? नीट ऐका की. पलीकडच्या खोलीत आपली पोर पाठांतर करत भुणभुणायची, अगदी तस्संच. मला याच्या आवाजानं झोप लागते."

मी ऐकलं. खरंच, तुझाच आवाज आहे.

आत्ता आतून विचारणा झाली, "काय एवढं लिहिताय?"

"जनरेटरचं."

"इतकं?"

"मोठं मशीन आहे."

त्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे कळलंय तिला. अडवलंही नाही.

तर फोन कर. तिनं उचलला की काही बोलायच्या आधी म्हण, "आई, ती भुणभुण चालू कर, मला ऐकायचीय." मग बोला दोघी, हवं तेवढं.

दूध मी बघतो.

वीज गेली तरी तुझ्या खोलीत उजेड ठेवणारा,
बाबा