बिल्ला नंबर ४१७: हजर

५ मार्च १९५६, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खुशीत आहे. सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर ट्राममध्ये चढले तेव्हा बाबा गॅलरीतून हात हलवत होते. लेक कलकत्त्याला सहा महिने यंत्रं शिकून आली आणि आता परळला मोठ्या हुद्द्यावर जाते याचं त्यांना कौतुक आहे, आणि जानेवारीत जो गोळीबार झाला त्यानंतर धास्तीही. पण रस्ते आता शांत आहेत. भिंतींवर चुन्याने लिहिलेलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' तेवढं जागोजाग दिसतं.

आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पाच गिरण्यांची हजेरी इथे कार्डांवर चढते. गिरणीतून हजेरीपत्रकं येतात, मुली ती वाचून जाड कार्डांना भोकं पाडतात. प्रत्येक कामगाराचं आठवड्याला एक कार्ड: बिल्ल्याचा नंबर, खातं, आणि दर दिवसाचं एक भोक. वरच्या ओळीत पडलं तर हजर, खालच्या ओळीत पडलं तर गैरहजर. शेवटच्या रकान्यात भोक पाडणारीचा स्वतःचा नंबर. मग दुसरी मुलगी तेच पत्रक समोर ठेवून तपासणी मशीनवर पुन्हा कळा दाबते. दोघींचं जुळलं नाही तर कळ अडकते आणि लाल दिवा लागतो. आमची स्वतःची हजेरीही कार्डावरच.

मुली सहा, मशीनं सात. सातव्यावर खाकी गवसणी आहे. मॅनेजर मनमोहन विजयकर सभ्य, नाकावर चष्मा, हळू बोलणारे. त्यांनी मला अभिमानाने भिंतीवरचा फळा दाखवला. त्यावर मुलींची नावं आणि नावापुढे दिवसाच्या चुकांच्या खडूच्या रेघा. म्हणाले, यामुळे वचक राहतो. चुका मात्र शेकडा सहा होताहेत, त्या कमी करायलाच तुम्हाला आणलंय.

१० मार्च, शनिवार

आठवडाभर नुसती पाहत बसले. मुली मशीनपेक्षा फळ्याकडे जास्त बघतात. शेजारणीची चूक दिसली तरी सांगत नाहीत, सांगितली तर तिच्या नावापुढे रेघ पडते. स्वतःची चूक कार्डांच्या ढिगात खाली सरकवतात.

आज मी ओल्या फडक्याने फळा पुसला. विजयकर पाहतच राहिले. मी मुलींना सांगितलं की चूक बाईची नसते, कामाच्या रीतीची असते, आणि रीत आपण सगळ्या मिळून सुधारायची. सोमवारपासून सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी गोल उभं राहायचं, काल कुठे अडलं ते बोलायचं. कोणालाही बोल लावायचा नाही.

कमल, जी सगळ्यांत थोरली आणि फटकळ, ती म्हणाली की बाई, बोलायचं काय, इथं तोंड उघडलं की रेघ. मी तिला खडू दिला आणि म्हटलं, खिडकीतून फेकून दे. तिने खरंच फेकला. सगळ्या हसल्या. फक्त मालन हसली नाही. लालबागची मुलगी, बावीस-तेवीसची, आई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. ती पुसलेल्या फळ्याकडेच बघत होती.

१७ मार्च, शनिवार

रीत लागू पडली! तिसऱ्याच सकाळी शेवंती म्हणाली की एका गिरणीच्या हजेरी कारकुनाचा एक आणि सात सारखाच दिसतो. वर्षभर सगळ्यांना माहीत होतं, विचारलं कोणी नव्हतं. मी कारकुनाला चिठ्ठी पाठवली, साताच्या पोटात आडवी रेघ काढा. चुका निम्म्यावर आल्या. विजयकरांनी सगळ्यांना पियूष पाजलं.

एक किरकोळ गोष्ट राहिली. संध्याकाळी मोजणीत एक कार्ड जास्त भरलं. बिल्ला नंबर ४१७, विणकाम, सहाही दिवस हजर. पत्रकात असा कामगारच नाही. शेवटच्या रकान्यात भोक पाडणारीचा नंबर सात. सात नंबरची मुलगी आमच्याकडे नाही. मी कार्ड काढून टाकलं.

२४ मार्च, शनिवार

पुन्हा ४१७. पुन्हा सात. सातव्या मशीनच्या गवसणीवरची धूळ तशीच आहे, बोटाचा ठसासुद्धा नाही. गवसणी काढली, कळांना हात लावला. कळा कोमट होत्या.

कोणाची तरी थट्टा असणार. सोमवारी गोलात विचारीन, कोणाला न दुखावता.

२६ मार्च, सोमवार

विचारलं.  मी पुन्हा म्हटलं की इथे कोणी कोणाला शिक्षा करणार नाही, बोललं की हलकं वाटतं. मालनची नजर सातव्या मशीनच्या गवसणीवर होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बोल. आता वाटतं, तो हात ठेवायला नको होता.

मालनने सांगितलं, सातव्या मशीनवर यशोदा बसायची. मालनच्याच चाळीतली, जिवाभावाची. नवरा दगडू विणकर, बिल्ला नंबर ४१७. जानेवारीत गोळीबाराच्या आठवड्यात दगडू सकाळी गिरणीत म्हणून निघाला तो परतला नाही. यशोदा तरीही कामावर आली. दुपारी त्या खात्याचं पत्रक तिच्याच पुढ्यात आलं. त्यात ४१७ गैरहजर.

पुढचं मालनच्या शब्दांत लिहिते, माझ्याने दुसऱ्या शब्दांत होत नाही.

"तिनं हजर मारलं, बाई. पत्रकात गैरहजर आणि हिनं हजर. तपासणीला मी होते. माझी कळ अडकली, लाल दिवा लागला, आणि मी बोट वर केलं. चूक म्हटलं. साहेबांनी तिच्या नावापुढं रेघ मारली. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, मालन, परत बघ गं, तो हजर आहे, जाऊ दे ना ते कार्ड. मी म्हटलं, नाही जाणार, माझ्या नावावर रेघ पडेल."

यशोदा तशीच उठून त्याला शोधायला रस्त्यावर गेली. कर्फ्यू होता. नाक्यापर्यंतच पोचली, तिथे गोळी लागली.

दगडूचं तर प्रेतही मिळालं नाही. कोणी म्हणतं, पोलिसांनी परस्पर जाळलं.

सगळ्या रडल्या. मीही. मला वाटलं, निचरा झाला. मी मालनला म्हटलं की चूक तुझी नव्हती, त्या फळ्याची होती. तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला.

३१ मार्च, शनिवार

मालन परवापासून आली नाही. आज दुपारी लालबागला तिच्या चाळीत गेले. तिची आई रमाबाई दारातच बसलेली. म्हणाली की गुरुवारी नेहमीसारखी कामावर जायला निघाली. शिवडीच्या एका कोळ्याने पाहिलं म्हणतात, ओहोटीच्या वेळी एक मुलगी साडी गुडघ्यापर्यंत धरून चिखलातून सरळ पाण्याकडे चालली होती. त्याने हाका मारल्या. तिने वळून पाहिलं नाही.

रमाबाईंनी मला चहा केला. लेक तुमच्याशी काही बोलली होती का, असं विचारलं. मी खोटं बोलले.

ऑफिसात परतले तर ४१७ चं कार्ड ढिगात होतं. पण या वेळी त्यावर तपासणीची खूणही होती. मालनची. तीन नंबर.

तिने ते जाऊ दिलं.

३ एप्रिल, मंगळवार

काल गिरणीतून पत्रक आलं. त्यात शाईने ४१७ हजर. कारकुनाला फोन केला.  म्हणाला, सोमवारी सकाळपासून विणकाम खात्यात दगडूच्या मागावर कोणीतरी उभं आहे. पाठ तेवढी दिसते. माग चालतो, कापड निघत नाही. त्याच्या पुढून जायला कोणी तयार नाही. माणूस दिसला की हजर मांडायचं, मी दुसरं काय करू, असं म्हणाला.

आज मोजणीत जास्तीचं कार्ड नाही. सगळं जुळलं.

कार्ड मंजूर झालं की माणूस हजर होतो. हे मी, शिकलेली बाई, शाईने लिहिते आहे.

६ एप्रिल, शुक्रवार

 गोल उभा राहतो आणि मोडतो. मुली माझ्याकडे फळ्याकडे बघायच्या तशा बघतात.

मालन रात्रंदिवस डोळ्यांपुढे. मीच तिला सगळ्यांदेखत बोलतं केलं. यशोदेला फळ्याने मारलं. मालनला माझ्या चांगुलपणाने. रमाबाई रोज दुपारी खाली फुटपाथवर येऊन उभ्या राहतात, वर खिडकीकडे बघत.

७ एप्रिल, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली गेल्या. मी सातव्या मशीनवर बसले. मालनचं कार्ड घातलं. सहा दिवस, सहा भोकं. वरच्या ओळीत.

मग तपासणी मशीनवर. कळ अडकली नाही. दिवा लागला नाही.

मला फक्त तिची माफी मागायची होती.

८ एप्रिल, रविवार

रमाबाई सकाळी आमच्या घरी आल्या. लालबागहून ठाकूरद्वारपर्यंत पायी. बाबांच्या पाया पडल्या, माझ्या पडल्या.

"बाई, माझी मालन इली! घराक इली! बोलणा नाय, जेवणा नाय, पण इली!"

गेले त्यांच्याबरोबर. मालन भिंतीकडे तोंड करून बसलेली. पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल, तीनदा धुतला तरी जात नाही म्हणे. रमाबाई भात कालवून तोंडाशी धरत होत्या. भात परत खाली पडत होता. त्या वेचून पुन्हा धरत होत्या. म्हणत होत्या, दमली आहे पोर.

तिची बोटं जमिनीवर चालत होती. कळा दाबाव्यात तशी.

मी हाक मारली. ती वळू लागली — मी बाहेर पळाले.

९ एप्रिल, सोमवार

शेजारी म्हणतात, खोलीतून ओहोटीचा वास येतो. रमाबाई दार उघडत नाहीत. आतून अंगाई ऐकू येते.

ती मालन नाही. ती नुसती हजेरी आहे. दगडूही.

चूक माझी. मीच दुरुस्त करायची. पण त्या माउलीच्या हातातून —

विजयकरांना सांगितलं.  ते म्हणाले की त्या दिवशी ती रेघ मारताना मी यशोदेच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. चष्मा काढून बसून राहिले.

१० एप्रिल, मंगळवार

वही मशीनशेजारी. दोन कोरी कार्डं.

आधी ४१७. सात नंबरवर भोक पाडलं, आता तपासणी मशीनवर. गैरहजर. कळ दगडासारखी घट्ट. दोन्ही हातांनी दाबली. गेली. खोलीत कोणीतरी हुंदका दिला — बाईचा. आमच्यापैकी कोणाचा नव्हे. कमलने पदर तोंडात धरला आहे.

कारकुनाचा फोन. माग थांबला. मागावर कोणी नाही.

आता मालन. भोक पाडलं, तपासणीची कळ उरली.

हात उचलत नाही —

रमाबाई दारात. धापा टाकताहेत. हसताहेत. त्यांना हसताना मी कधी — "उठली गे ती, बाई! आपणहून उठली! तुमका भेटाक इली. जिन्यात असा, सावकाश चढता."

पावलं. ओली. एक एक पायरी.

मुली भिंतीला चिकटल्या. शेवंती म्हणते, बाई, दाबा. कमल म्हणते, नको, आई उभी आहे समोर —

रमाबाई, मला माफ

दाबली.

पावलं थांबली. वरच्या वळणाशी. काही नाही. नुसता जिना.

रमाबाई कठड्यावरून खाली वाकल्या आहेत. हाक मारताहेत. "मालन, ये गे वर. ये बाय."

पुन्हा.

पुन्हा.

माझ्याकडे वळल्या. विचारताहेत, आता तर होती, खंय गेली? या वेळी खोटं नाही. मी उठते, त्यांचा हात धरते आणि सांगते की तुमची मालन