भरती नसलेली पुळण

कॅसलबे, ३ मार्च २००९

चि. नील यास,
एफीताईचे अ. आ.

काल पुळणीवरून येताना आठवलं. तू सातचा, मी बाराची, आपण शिंपल्या वेचतोय आणि आई विमानतळाच्या चहाच्या खोलीतून धावत येऊन बशा पुसायच्या फडक्यानेच आपल्याला हाकलतेय. विमान पुळणीवर उतरायची वेळ झाली की वाळू विमानाची, हे तुला कधी पटलं नाही. तू बादली टाकून मान वर करून उभा. पायलटने आईला चहा पिताना सांगितलं होतं, की बाई, तुमच्या मुलाला मी चुकवू शकतो, पण त्याची बादली वरून दिसत नाही.

तुझ्या विमान चालवायच्या खेळाची सीडी मिळाली. शाळेतल्या कर्स्टीबाईंनी आपल्या संगणकावर लावून दिली. तेच आपलं जुनं चार पंख्यांचं विमान, अगदी खिडकीखालच्या ओरखड्यासकट. दाराचा आवाज ऐकून मी मागे वळून पाहिलं. कर्स्टीबाईंचं म्हणणं पडलं, की तो फ्रीजच्या दाराचा असणार. मी म्हटलं, मुळीच नाही. खरं काय ते कळव, आमची पैज लागली आहे.

मी चालवूनही पाहिलं. दोनदा पोस्टाच्या छपरावर उतरले, त्याबद्दल पोस्टमास्तरीणबाईंची क्षमा मागितली आहे. नंतर जमलं. सकाळी आठला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, केव्हाही उतरा, वाळू आपली कोरडीच. नील, बाळा, समुद्र कुठे ठेवलास?

आणखी एक. २५ एप्रिलला आईला जाऊन दहा वर्षं होतील. फादर जोसेफ तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना ठेवताहेत. तू संगणकावर रोज चाळीस वेळा इथे उतरतोस, तर त्यातल्या एका वेळी चहाला ये.

तुझे दाजी डॉनल्ड तुझी आठवण काढतात. तुझा जीव आमच्यावर आहे तसाच असू दे.
तुझी,
एफीताई


लिंकन, ११ मार्च २००९

ती. एफीताई हिस,
नीलचा सा. न.

तुझं पत्र माझ्या भागीदाराला, ग्रॅहमला, वाचून दाखवलं. तो खुर्चीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून हसत राहिला. अकरा माणसं चार महिने हे विमान तपासताहेत. विनिपेगचा एक निवृत्त दंतवैद्य पुळणीवर दोनशे वेळा उतरला आणि चाकांना वाळू लागत नाही म्हणून तीन पानं लिहिली. भरतीबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. मी संग्रहालयातल्या विमानाखाली पाठीवर पडून पंखांचे रिव्हेट मोजले, आणि जिथे जन्मलो तिथला समुद्र विसरलो. ग्रॅहम विचारतो, तुझी ताई नोकरी करेल का.

दार फ्रीजचं नाही, ग्रॅहमच्या मावशीच्या कोळशाच्या कोठीचं आहे. पैज तू जिंकलीस.

मिस्सेचं म्हणशील तर, विमान विक्रीला यायची तारीख नेमकी २५ एप्रिल आहे. जाहीर झाली आहे. पहिल्या आठवड्यात लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडतो आणि उत्तरं द्यायला मीच असतो. जूनमध्ये नक्की येतो.

खेळातल्या चहाच्या खोलीच्या दारात मी एक बाई उभी केली आहे, हातात फडकं घेऊन. बांधा जमला, चेहरा जमत नाही. आईचा एखादा स्पष्ट फोटो पाठवशील?

दाजींना नमस्कार. राग धरू नकोस, एवढंच मागणं.
तुझा,
नील


कॅसलबे, १९ मार्च २००९

चि. नील यास, अ. आ.

मी नोकरी करेन, पण चहा स्वतःचा आणीन, हे ग्रॅहमना सांग. इंग्लंडातला चहा मला माहीत आहे.

फोटो आहे. इथे येऊन घ्यायचा.

जून म्हणालास. दहा वर्षांपूर्वी फोनवर तू म्हणालास, बघतो, प्रयत्न करतो. तेव्हाही तुझं कुठलंसं विमान त्याच आठवड्यात विक्रीला यायचं होतं. त्यापुढचं मी तुला कधी लिहिलं नाही, आता लिहिते.

आईला अकराला न्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी ओहोटी दुपारची, म्हणून विमान दोनला. आपल्या बेटावर लांबचं माणूस यायचं असलं की विमानासाठी थांबतात. फादर म्हणाले, मुलगा प्रयत्न करतो म्हणालाय ना, मग थांबू. सगळा गाव तीन तास चर्चबाहेर वाऱ्यात उभा होता. तुझे दाजी गाडी घेऊन पुळणीवर गेले. विमानातून मेंढ्यांचे दोन व्यापारी आणि टपालाची पोती उतरली. गाडीचं दार त्यांनी तुझ्यासाठी उघडून ठेवलं होतं, ते लावायचं विसरून तसेच परत आले. मग आम्ही आईला नेलं.

गावाने तुला नावं ठेवली नाहीत. मीही रागावून लिहीत नाही. या वेळी गावाला थांबवायचं की नाही, तेवढं फादरांना सांगायचं आहे. मिस्सा अकराला, आणि २५ तारखेचं विमान दुपारी एकला आहे.

तुझीच,
एफीताई


लिंकन, २७ मार्च २००९

ती. एफीताई,
सा. न.

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी अकरा वाजता मी काम सोडून उभा राहिलो होतो, पाच मिनिटं. मग झालं असेल असं समजून पुन्हा बसलो. तुम्ही दोनपर्यंत थांबला होतात.

खेळातलं विमान आता मेच्या अखेरीस विक्रीला येईल. ग्रॅहमने कुरकुरत जाहीर केलेली तारीख बदलली. दंतवैद्याचं म्हणणं, की भरती असेल तर तो वाट बघायला तयार आहे.

फादरांना सांग, मिस्सा अकरालाच ठेवा. मी २४ च्या विमानाने येतो. तिकीट काढलं आहे. कोणी थांबायला नको.

इथून काय आणू? आणि ताई, लोक माझ्याशी बोलतील का?
नील


कॅसलबे, ४ एप्रिल २००९

चि. नील यास, अ. आ.

बोलतील की. इतके बोलतील, की तू जून बरा होता म्हणशील. पोस्टमास्तरीणबाई तर छपराची दुरुस्ती मागणार आहेत.

विमान सुटेपर्यंत मनात काहीबाही येईल. येऊ दे, आणि बसून राहा. दाजी पुळणीवर असतील.

भेटीअंती बाकीचं,
एफीताई

ता. क. काय आणू विचारलंस. फादरांना तुमच्याकडचा मनुक्यांचा पाव, ईस्टरआधीचा उपवास तोवर संपलेला असेल. दाजींना लिंकनची सॉसेजेस, पण डॉक्टरांसमोर पिशवी उघडू नकोस. कर्स्टीबाईंना सीडी, खोक्यावर सही करून. त्या मुलांना दाखवणार आहेत.

आईची पेटी मी अजून वाटलेली नाही. तू आल्यावर वाटू, पण कोणाला काय ते आत्ताच सांगून ठेवते, तिथे वाद नको. जपमाळ सिस्टर बेनेडिक्टांना, त्या नव्वदीच्या आहेत, ती आधी. करडी शाल शेजारच्या मोरॅगला, आईच्या शेवटच्या महिन्यात रात्री तीच बसायची. चांगल्या बशा मला, आणि फुटक्याही मलाच. निळा स्वेटर तुझा. तो ती तुझ्यासाठी विणत होती, एक बाही राहिली होती, ती मी त्याच वर्षी पुरी केली. डावी तिची, उजवी माझी. उजवी थोडी आखूड आहे, तरी अंगात घालूनच मिस्सेला यायचं.