अक्रोडी दस्त्याची कार्बाइन

३ नोव्हेंबर
नवी नोकरी, झकास! मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी विद्याधर सबनीसांचा बंगला. संग्रहालयात जुनी शस्त्रं साफ करायला शिकले, ते अखेर कामी आलं. भिंतीभर जर्मन, बेल्जियन शिकारी रायफली. सगळ्यांच्या फायरिंग पिना काढून पोलिसांकडे जमा, म्हणजे एकीतूनही गोळी सुटणार नाही. सगळ्यांत देखणी ती आखूड ऑस्ट्रियन कार्बाइन. अक्रोडाचा दस्ता थेट नळीच्या टोकापर्यंत, त्यावर कोरलेलं हरीण. खांद्याला लावली तर माझ्याच मापाची वाटली. सबनीसांनी आडनाव विचारलं. मग माझा चहा कागदी कपात आला. असो, मी कामाला आलेय.

५ नोव्हेंबर
काल कार्बाइनची नळी आरशासारखी लख्ख पुसली होती. आज चिंधी काळी निघाली, बंदुकीच्या जळक्या दारूचा ताजा वास. सबनीस म्हणाले, नीट पुसली नसशील. त्यांची बहीण शर्मिष्ठाबाई दारातून टक लावून बघत होत्या. मी हसले, त्या हसल्या नाहीत.
परसात कुत्रं मरून पडलंय. वॉचमन काशीराम म्हणाला, बिबट्याचं काम. बिबट्या छातीला एवढंसं गोल भोक पाडतो?

८ नोव्हेंबर
नळी पुन्हा काळी. माझ्या उजव्या खांद्यावर निळाकाळा वळ, हात वर होत नाही. नाहूरला घरी धाकट्या भावाने, प्रबुद्धने, बाम चोळला. म्हणाला, "ताई, काल दुपारी फोन का नाही उचललास?"
काल दुपारी मी काय करत होते? काहीच आठवत नाही.

१० नोव्हेंबर
काशीराम गेला. टेकडीवर सापडला, छातीला भोक. पोलिसांनी कार्बाइन पाहिली, पिन नाही म्हणून परत लटकवली.
शर्मिष्ठाबाईंनी जिन्यात गाठलं. "तुझ्या आधीच्या माणिकलाही दुपारचं आठवायचं नाही. नेम त्या कार्बाइनचा, खांदा तुझा. दादा गच्चीतून बघत बसतो. त्याला आवडतं."
काशीरामने सकाळी मला पेरू दिला होता. मी त्याला —

११ नोव्हेंबर
काम सोडलं. सबनीस अडवत नव्हते. नुसते हसत होते. म्हणाले, तू जा, ती येईल.

१२ नोव्हेंबर
जाग आली तर उशीशेजारी — कार्बाइन. माझ्या खोलीचं दार आतून बंद. प्रबुद्ध दुधाला गेलाय. तो आत येऊ नये म्हणून कडी आणखी घट्ट लावली. खिडकीतून टाकायला गेले, बोटं सुटत नाहीत.

नंतर
लिहीत राहिले तर निदान एक हात माझा —
प्रबुद्ध आला. दार ढकलतोय. पळ रे म्हणून ओरडायचंय, घशातून आवाजच — आता खांदा लावतोय दाराला — कडी वाकली — थांब ना रे, आत नको, मी नाही, ही मी ना