दुलईसकट

२ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचे धाकटे चिरंजीव पुलाच्या सातव्या खांबावर आणि मी सातव्या महिन्यात, अशी इथली प्रगती आहे. नकाशाच्या टेबलापासून हल्ली मला हातभर लांब उभं राहावं लागतं. परवा ओल्या शाईवर पोट टेकलं आणि अख्खा जिना पुसला गेला. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की बाळानं दुरुस्ती सुचवली आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. इथला दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि खरचटलेल्या मजुरांना पट्ट्या बांधणारा एक माणूस. माहेर म्हणायला मला कोणी उरलेलं नाही. तेव्हा बाळंतपणाला तुमच्याकडे यावं म्हणते. पण आधी वहिनींना विचारा. तीनदा त्यांचं पोट रिकामं झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर हे पोट घेऊन हिंडायचं म्हणजे मला कुणाचं तरी चोरून आणल्यासारखं वाटतं. त्या नको म्हणाल्या तर मनात काही धरणार नाही.

आहे तशीच माया राहू द्या.
तुमची,
धाकटी

९ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विचारायचं कसलं, सरळ ये. तरी तू म्हणालीस म्हणून थोरलीला विचारलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता दोन दिवस चूल नि तोंड दोन्ही बंद. तेवढ्यात ट्रंकेची बिजागरी वाजली. माझे कान तुला माहीत आहेत, नुसत्या आवाजावरून मी सांगतो कुठल्या काट्याची स्प्रिंग थकली आहे. ती ट्रंक सहा वर्षांत उघडली नव्हती. बाहेर आली ती हातात एक लहानशी दुलई घेऊन. पहिल्या खेपेला तिनं स्वतःच्या बाळासाठी शिवली होती. उन्हात टाकली आणि म्हणाली, हिला होईल. कापूस इतका ठासून भरलाय की बाळाला नाही, घोड्याला पुरेल.

तेव्हा थोरलीची काळजी सोड. बाळाची तर मुळीच नको. या घरात ते नेमकं तोललं जाईल. पाठीवर वजनांची पिशवी घेऊन दारोदार काटे दुरुस्त करत मी हे दुकान उभं केलं, ते एका सवयीवर. बरणीचं वजन वजा केल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही तेलाचं वजन सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, तो तोलायची गरज नाही.
तुझे,
बाबा

४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटताना तू मागे वळून पाहिलं नाहीस ते बरं केलंस. पाहिलं असतंस तर उतरली असतीस, आणि नोकरी गेली असती.

मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला एका शब्दानं बोललो नाही, बोलला तो आकडा बोलला. फेब्रुवारीच्या दहा तारखेला आपली नात, आपली छटाक, चार किलो एकशे पन्नास भरली आणि वीस तारखेला तीन किलो नऊशे नव्वद. दहा दिवसांत पोर एकशे साठ ग्रॅमनं उतरली. तान्हं पोर उतरतं म्हणजे आईचं दूध अंगी लागत नाही, हे कोणीही सांगेल. तू रडलीस, माझ्याच दुधात काही नाही म्हणालीस, आणि बाटली चालू झाली. आता दिवसभर तुम्ही दोघं कामावर, खोलीत सिमेंटची धूळ, तिथे बाटल्या उकळणार कोण? म्हणून तर ठरलं, पाच किलो झाली की तू घेऊन जायची. तोवर थोरली आहे.

थोरलीचं काय सांगू. गाते ती. थोरला म्हणतो, बायको बदलून मिळाल्यासारखं वाटतंय. पंधरा फेब्रुवारीपासून ऊन वाढलं म्हणून दुलई ट्रंकेत गेली, आता पोर नुसत्या सुती कपड्यात हातपाय झाडत असते. काल चार किलो दोनशे भरली.

जीव लावत राहा.
तुझे,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आकडा वाचला. आठशे ग्रॅम राहिले. मी टेबलाला कागद चिकटवून रेघा मारल्या आहेत, पाच किलोची रेघ लाल शाईची.

इथे दर चार तासांनी मी नकाशांच्या कपाटामागे जाते, पेल्यात दूध काढते आणि मोरीत ओतते. थांबलं तर परत येणार नाही असं तिकडच्या नर्सनं बजावलं होतं. पहिले काही दिवस मी बाहेर आले की कपडे ओले असायचे आणि सगळे एकदम आपापल्या नकाशात डोकं घालायचे. काल मात्र वेगळंच मनात आलं. पेला काठोकाठ भरला. बाबा, एवढं असेल तर ती उतरली कशी? तुम्ही एवढी वर्षं वजनं बघता. काट्याची काही चूक झाली असेल का, एकदा बघाल? ह्यांना विचारलं तर म्हणतात, बाबांचा काटा चुकायचा नाही.

तुमच्यावर भरवसा आहे, म्हणून विचारते.
तुमची,
धाकटी

२ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, बाजारातले सगळे काटे तपासणीला आले होते. तुझ्या सांगण्यावरून आपलाही उघडून पाहिला. सुईच्या टोकाइतकीही चूक नाही.

पेला भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. मी सासरा, मी हे बोलू नये, पण घरात सासू नाही, तेव्हा मलाच बोलावं लागतं. ते काढणं आता सोड. घट्ट बांधून घे, आठवड्यात आटेल. उगाच जिवाला त्रास, आणि ऑफिसात चार पुरुषांच्या देखत बरं दिसत नाही.

छटाक परवा चार किलो चारशे भरली. चढते, पण सावकाश, आजोबांसारखी. पाच म्हणालो होतो खरं, पण पुढे कडक उन्हाळा आहे. सहा होऊ दे. एवढ्यात येऊही नकोस, दोघींच्या मध्ये पोर गोंधळते.

रागावू नकोस, म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
तुझे,
बाबा

२८ एप्रिल

सौ. धाकटीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. दूध कमी कमी होत चाललंय आणि पोरीचा वास असलेलं काहीतरी जवळ हवं, म्हणजे येईल, असं तू लिहिलंस. मग दुलईच पाठवते. ती धुतलेली नाही. पहिले पंधरा-वीस दिवस पोर हिच्याच आत असायची. आठवतं ना, पहिल्यांदा तोललं तेव्हाही मी हिच्यातून बाहेर काढू दिली नव्हती, गारठेल म्हणून. बाबा नातीला बघून इतके हरखले होते की दुलईसकट ठेवली पारड्यात आणि आकडा सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

त्यांनाच नको होतं ही पाठवायला. टपालाला जड होईल म्हणाले. मी म्हटलं, घर काट्यांचं आणि अंदाज कशाला? त्या नव्या छापणाऱ्या काट्यावर ठेवली. त्यानं चिठ्ठीच काढून दिली, ती गंमत म्हणून चिकटवून पाठवते. ते मात्र चिडून दुकानात निघून गेले. वय झालं गं त्यांचं.

ती आता मला बघून हसते. पण तू घाबरू नकोस, मी तिच्याकडून आई म्हणवून घेणार नाही. मी तिला सांगते, तुझी आई पूल बांधते आहे, पूल झाला की त्याच्यावरून येईल.

थोडी माया माझ्यावरही असू दे.
तुझी,
वहिनी

४ मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दुलई मिळाली. चिठ्ठीवर चारशे दहा ग्रॅम आहे.

दहा फेब्रुवारीला तुम्ही तिला दुलईसकट तोललंत. वीस तारखेला दुलई ट्रंकेत होती. चार किलो एकशे पन्नासातून चारशे दहा गेले म्हणजे दहा तारखेला ती तीन किलो सातशे चाळीस होती. वीस तारखेला तीन किलो नऊशे नव्वद. ती उतरली नव्हती, बाबा. माझ्या दुधावर दहा दिवसांत पाव किलोनं वाढली होती.

मी हे नकाशाच्या कागदावर तीनदा मांडलं. मग ह्यांच्याकडून मांडून घेतलं. उत्तर तेच आलं.

दूध गेल्या गुरुवारपासून पूर्ण बंद आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे बांधलं होतं. दुलई दोन दिवस छातीशी धरून बसले, थेंब आला नाही.

मला एवढंच कळवा, तुमच्या हे केव्हा लक्षात आलं.

धाकटी

९ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हुशार आहेस. दुकानात माझ्या हाताखाली असतीस तर थोरल्याला मी घरी बसवलं असतं.

खोटं बोलत नाही. आठ मार्चला लक्षात आलं. एक मधवाला बरणीसकट मध तोलून घ्यायला आला. मी त्याला नेहमीसारखं झाडलं की बरणी वजा कर, गिऱ्हाईक काय काच खाणार आहे का, आणि झाडता झाडता मला दुलई आठवली. तुझं ते काट्याविषयीचं पत्र त्यानंतर पाच दिवसांचं आहे.

त्याच दिवशी तार करणार होतो. कोट अंगात घातला होता. तेवढ्यात आतून थोरली गाताना ऐकू आली. सहा वर्षं या घरात मी नुसती भांडी ऐकली आहेत. कोट काढून ठेवला. पुढचे आकडेही मी कमी करून लिहिले, तेही सांगून टाकतो. काल पोर सहा किलो शंभर भरली, कपड्यांशिवाय.

आता थंड डोक्यानं विचार कर. दूध गेलं. म्हणजे तिथेही बाटली आणि इथेही बाटलीच. तुझं वय आहे, पोट धरतं, तुला अजून चार होतील. तिला एकही होणार नाही. मी दोन्ही पारडी बघितली आणि जिकडे काही नव्हतं तिकडे टाकलं. ही चूक वाटत असेल तर मला चार शिव्या दे, पण पोर राहू दे. थोरलीला यातलं काही ठाऊक नाही. तिला कळू देऊ नकोस, एवढं माझ्या वयाकडे बघून कर.

लोभ तोडू नकोस.
तुझे,
बाबा

२० जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं येऊन पोर घेऊन गेलात त्याला महिना होऊन गेला. मधल्या पत्राला उत्तर नाही म्हणून पुन्हा लिहितो.

पाव तासात निघालात. पाण्याचा पेला भरलेला तसाच राहिला. ते सगळं कबूल, तुझी पोर, तू नेलीस. पण जाता जाता दारात उभं राहून थोरलीला सगळं सांगायची काय गरज होती? तिच्या हातात वाटेत पोरीला लागेल म्हणून भरलेली बाटली होती. तू म्हणालीस की माझं दूध तोडून तुम्हाला हे दिवस मिळाले, वहिनी.  मग ती गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली, तेही पोरीसाठी नाही, बाटली द्यायला.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते आणि वळते. बाटल्या अजून रोज उकळते, पुसते, फळीवर उलट्या मांडते. मला घरात पुन्हा नुसती भांडी ऐकू येतात. परवा थोरल्याजवळ एवढंच म्हणाली की धाकटीला विचारा, आठवड्याला एका कार्डावर नुसतं वजन कळवशील का. बाकी काही नको. आकडा लिहायला तुला काय लागतं?

तिच्यासाठी मागतो, माझ्यासाठी नाही.
तुझे,
बाबा

२८ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पोर कशी आहे ते एकदाच लिहिते. दारात कुणी बाई आली की ती हात पसरते. तोंड बघते आणि रडते. मी घेतलं की अंग ताठ करते. इथे येऊन महिना झाला, पण अजून तिची शोधाशोध थांबलेली नाही. बाटली ह्यांच्या हातून घेते, माझ्या हातून नाही. वहिनी ती कशी धरत असत ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

वजन कळवणार नाही. इथे काटा नाही, आणि मी आणणार नाही.

सोबतच्या पार्सलात दुलई आहे. ज्यांनी शिवली त्यांना द्या. आम्हाला तिचा उपयोग उरला नाही. त्यांना पोरीची आठवण म्हणून जवळ धरायची असेल, म्हणून आधीच सांगते. दोनदा साबण लावून, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवली आहे.

तुमची,
धाकटी