ब्रेक दाबणारा पाय

वहिनी,

गाडी विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला मी फोन करून नको म्हणून कळवलंय. रागावू नका, आधी वाचा.

दादा गेल्यापासून त्याची ती दोन सीटची गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी होती, म्हणून ब्रेकमधली हवा काढायला घेतली. त्याला दोघं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून नट सैल करायचा. तुम्ही घरातून "आलेच" म्हणालात, थोड्या वेळाने गाडीचं दार वाजलं, सीट करकरली. मी खालून "दाबा" म्हटलं की ब्रेक दाबला जायचा, "सोडा" म्हटलं की सुटायचा. सगळी चाकं झाली. शेवटी गमतीने म्हणालो, "दादापेक्षा तुमचा पाय बरा चालतो हं!" तर हॉर्न वाजला. दादा चिडला की वाजवायचा तसा, लांबलचक. आणि बॅटरी तर मी सकाळीच काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलीय.

उठून पाहिलं तर आत कोणी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऑफिसचा फोन आला म्हणून तुम्ही मघाशीच घाईने गेलात.

ब्रेक झकास लागतायत. मी आत्याकडे जातोय, आज येत नाही.

गॅरेजमध्ये एकट्या जाऊ नका, असं लिहिणार होतो. पण दादा गेला त्या दिवशी तुम्ही दोघं भांडलात आणि बोलायचं राहूनच गेलं. त्याच्याशेजारी बसायचा मला धीर झाला नाही, तुम्हाला होईल. दार नुसतं लोटलंय.

धाकटा